व्ही-क्रॉसचं स्वस्त लिफ्ट किट: उंची मिळाली, पण यू बोल्टच्या आट्यांनी घात केला

मागच्या डाव्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटला आणि हाऊसिंग (मागच्या अॅक्सलचं लोखंडी कवच) पाट्याखालून बोटभर मागे सरकलं. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालायला लागली, तेव्हा कारण कळलं. म्हणून गाडीची उंची वाढवणाऱ्या लिफ्ट किटचा हा अनुभव कौतुकापासून नाही, पाटा आणि हाऊसिंग आवळून धरणाऱ्या यू बोल्टपासून सुरू करतो.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, १.९ डिझेल, फोर बाय फोर, कंपनीचे २५५/६० आर १८ टायर. किट बिनब्रँडचं, ऑनलाइन मागवलेलं: पुढे स्ट्रटच्या (शॉकप आणि स्प्रिंगची जोडी) डोक्यावर बसणारे २५ मिमीचे स्पेसर (जाड चकत्या), मागे ३८ मिमीचे लोखंडी ठोकळे आणि चार लांब यू बोल्ट. शॉकप-स्प्रिंगसकट येणाऱ्या नावाजलेल्या ऑस्ट्रेलियन किटला लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातात. हे त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात मिळतं. घेणारा त्याच हिशोबाने घेतो आणि त्यात काही गैर नाही.

आता बोल्ट. ठोकळा पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये बसतो, म्हणजे यू बोल्टचा प्रत्येक पाय ठोकळ्याच्या उंचीइतका जास्त लांब हवा. विकणाऱ्याने पाय लांब दिले, पण आटे पाडले फक्त टोकाला. नट वर चढत जातो, आटे संपतात आणि तो कोऱ्या रॉडवर अडकतो. तिथे टॉर्क पाना (ठरलेल्या ताकदीला आवाज करणारा) 'कट' म्हणतो. मेकॅनिक म्हणतो झालं. प्रत्यक्षात पाना मोजतोय ते नट रॉडवर अडकल्याचं. पाटा, ठोकळा आणि हाऊसिंग यांच्यावर पुरता दाबच नाही. पाट्यांचा जुडगा जागेवर धरायचं काम यू बोल्टच्या दाबाचं असतं. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. दाब गेला की दर ब्रेकला आणि दर पहिल्या गिअरला हाऊसिंग किंचित हलतं आणि सगळा मार त्या बारक्या बोल्टच्या डोक्यावर येतो. मग तो एक दिवस कापला जातो. घाटात उतारावर, टपात (मागच्या हौद्यात) वजन असताना हे झालं तर काय होईल याचा विचार विकणाऱ्याने करायला हवा होता.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. बसवायच्या आधी नट हाताने पूर्ण वर चढवा आणि तो जिथे थांबतो तिथे खडूने खूण करा. मग पाटे, ठोकळा, हाऊसिंग आणि प्लेट यांची एकत्र जाडी मोजा. खूण या जाडीच्या निदान १० मिमी आत पडली पाहिजे. बरोबर तेवढ्यावर किंवा बाहेर पडत असेल तर तो बोल्ट भंगारात टाका. दुसरी खूण गाडीवरच दिसते: नट आवळल्यावर ठोकळ्याच्या कडेने पत्र्याची बारीक पट्टी किंवा फीलर गेज आत सरकलं, तर दाब नाही. ठोकळ्यावरची पिनही बघा. ती हाऊसिंगच्या भोकात घट्ट बसायला हवी आणि सेंटर बोल्टचं डोकं ठोकळ्याच्या भोकात. या किटमध्ये ठोकळ्याचं भोक डोक्यापेक्षा उघड दिसेल इतकं मोठं होतं, म्हणजे मूळातच खेळ.

विकणाऱ्याने तुटलेल्या बोल्टचे फोटो मागवले आणि मग 'ऑफरोड वापर वॉरंटीत येत नाही' असं उत्तर दिलं. लिफ्ट किट विकायचं आणि ऑफरोडला वॉरंटी नाही म्हणायचं, हे मान्य नाही. रॉडची जाडी किती, ग्रेड कोणती, आटे किती लांब, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आजवर आलेलं नाही.

नवे यू बोल्ट कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतले. माप देताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: दोन पायांच्या आतलं अंतर, पायाची लांबी आणि आट्यांची लांबी. तिसरी सांगितली नाही तर कारागीर आपल्या सवयीने पाडतो. वाकवताना रॉड लालभडक तापवू देऊ नका, त्याचा कस जातो. आटे कापून पाडण्यापेक्षा रोल केलेले मिळाले तर उत्तम. आणि एकदा पूर्ण ताकदीने आवळलेला यू बोल्ट सोडवला की तो परत वापरायचा नाही. तो ताणला गेलेला असतो. आवळताना चारही नट तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, चाकं जमिनीवर असताना, आणि टॉर्क कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. ५०० किमीवर परत एकदा, नंतर १,००० वर. नव्या बोल्टांना पहिल्या फेरीत प्रत्येक नट थोडा फिरला, दुसऱ्या फेरीत एकही नाही. अशी कहाणी असेल तर समजायचं की बोल्ट बसले.

पुढच्या भागाबद्दलचं मत मात्र वापरून बदललं. स्ट्रटवरचे स्पेसर म्हणजे स्वस्त आणि वाईट, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. २५ मिमीपर्यंत ते खरं ठरलं नाही. स्पेसर स्प्रिंगला हात लावत नाही, त्यामुळे रिकाम्या गाडीचा पुढचा मऊपणा जसा होता तसाच राहिला. ओबडधोबड रस्त्यावर पहिल्यापेक्षा वेगळं काही जाणवत नाही.

इथे गणित नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो, चाकाजवळ नाही. म्हणून स्पेसर जितका जाड, त्याच्या जवळजवळ दुप्पट गाडी उचलली जाते. २५ मिमीच्या स्पेसरने चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर ४५ ते ५० मिमीने वाढतं. जाहिरातीत 'दोन इंची किट' लिहिलेलं असतं. ते दोन इंच स्पेसरची जाडी आहे की गाडीची उंची, हे लेखी विचारा. ५० मिमी जाडीचा स्पेसर लावला तर पुढे जवळजवळ १०० मिमी वाढ होते, आणि इतक्या कोनात पुढच्या अॅक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचे वळते सांधे) टिकत नाहीत.

उंची फुकट मिळत नाही. स्पेसरमुळे खड्ड्यात चाक पहिल्यापेक्षा जास्त खाली लटकतं, आणि शेवटच्या टोकाला वरचा आर्म कॉइलच्या अगदी जवळ येतो. दोन्ही चाकं लटकवून, आर्म आणि कॉइलच्या मध्ये शाडूची गोळी चिकटवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि गोळी किती चेपली ते बघा. ६-७ मिमीपेक्षा पातळ झाली तर स्पेसर जास्त आहे. वरच्या टोकालाही एक धोका आहे: जाड स्पेसरने शॉकप चेसिसवरच्या बम्प रबराच्या आधीच आतून आपटू शकतो. २५ मिमीच्या वर न जाण्याचं हे दुसरं कारण.

बसवताना एक गोष्ट जिवावरची आहे. स्ट्रटच्या डोक्यावर कडेला तीन नट असतात, ते सोडायचे. मधला मोठा नट कधीही सोडायचा नाही, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. बाकी काम सोपं: चेसिसखाली घोड्या, चाक काढणं, स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड दोन्ही बाजूंच्या एकदम सोडणं (एकच सोडली तर दुसरी बाजू ओढून धरते), ब्रेक होज आणि एबीएस वायरच्या क्लिपा काढणं, वरचा बॉल जॉइंट मोकळा करणं. नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) एकदा मोकळं झालं की ते होजवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. स्ट्रट परत घालताना तो लांब झालेला असतो, म्हणून खालचा आर्म पहारीने दाबावा लागतो. दोन माणसं लागतात. आर्मचे बुशवाले बोल्ट गाडी जमिनीवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. बहुतेक गॅरेजवाले हे टाळतात, समोर उभं राहून करून घ्या.

अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी हायवेवर नेऊ नका. उंची वाढली की कास्टर (बाजूने पाहिल्यास स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी लेनमध्ये भरकटते. दुकानदार 'या गाडीला फक्त टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) होतो' म्हणेल. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि कास्टर बसवता येतात, फक्त ते गंजलेले असतात आणि त्याला मेहनत नको असते. आधी-नंतरचा प्रिंट मागा. कास्टर डावी-उजवीकडे अर्ध्या अंशापेक्षा जास्त वेगळा असेल तर गाडी एका बाजूला ओढेल.

पावसाळ्यानंतरची भर: वरचं मागच्या ठोकळ्यांबद्दल जे सौम्य लिहिलं आहे, ते आता मागे घेतो. ठोकळे नकोतच.

गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीत उतरताना आणि परत चढताना मागून एक बारीक 'टक' ऐकू यायचा. नवे यू बोल्ट घट्ट होते. आवाज शॉकपचा निघाला. मागचा कंपनीचा शॉकप ३८ मिमीच्या उचलीने जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो. खड्ड्यात चाक खाली गेलं की पिस्टन टोकाला आपटतो, आणि शॉकप दोरीसारखा हाऊसिंगला धरून राहतो. असंच चालू ठेवलं तर शॉकपचा वरचा डोळा (बोल्ट जातो ते कडं) तुटतो. शॉकप काढून पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली लांबी मोजा. गाडी उभी असताना तो या दोन्हींच्या मधोमध असायला हवा. ठोकळ्यासोबत लांब शॉकप न देणारं किट अर्धवट आहे.

ठोकळ्यांनी आणखी एक त्रास दिला: पहिल्या गिअरमध्ये वजन घेऊन निघताना थरथर. ठोकळ्याने हाऊसिंग पाट्यापासून लांब गेलं की जोर देताना ते जास्त पिळतं आणि प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा) कोन बिघडतो. सेंटर बेअरिंग ५ ते १० मिमी खाली आणून किंवा दोन अंशांची तिरकी पट्टी लावून ते कमी होतं, पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे, इलाज नव्हे.

शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) लांब करण्याचा सल्ला मिळेल, तोही घेऊ नका. शॅकल जितकी लांब, गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते. ४० मिमीसाठी ८० मिमी लांब शॅकल लागते, आणि मागची बाजू वळणावर आडवी डुलते.

आता मागे ठोकळे नाहीत, एक जादा पाटा आहे. कमानीच्या कारागिराकडून मूळ पाट्यांपेक्षा थोडी जास्त कमान देऊन करून घेतला आणि लांबीच्या क्रमाने, खालच्या जाड पाट्याच्या वर घातला. सेंटर बोल्ट नवा आणि लांब. नवा पाटा पहिल्या काही भारांनंतर थोडा बसतो, म्हणून उंची मोजायची ती त्यानंतर. इथे ती ३० मिमीवर स्थिरावली, म्हणजे शॉकपला पुरेसा प्रवास उरला आणि तो 'टक' गेला. रिकाम्या गाडीत मागची सीट आता कडक लागते, हे लपवत नाही. घरच्यांना घेऊन फिरणाऱ्याला ते खटकेल. टपात खत, पंप, पाईप वाहणाऱ्याला आवडेल, कारण भार घेतल्यावर मागची बाजू बसत नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: सस्पेन्शन उचलून मागच्या डिफरन्शिअलखालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. हाऊसिंग चाकाच्या मध्यावरच असतं. ती जागा फक्त टायरने वाढते. २६५/६५ आर १८ घातला तर व्यास साधारण ३८ मिमीने वाढतो, म्हणजे हाऊसिंग १९ मिमी वर येतं. पण स्पीडोमीटर मग पाच टक्के कमी दाखवतो, ८० दिसत असताना गाडी ८४ ने चाललेली असते, आणि पूर्ण वळणावर टायर पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला घासतो का ते बघावं लागतं. जांभ्या दगडाच्या गाडीवाटेवर मधला उंचवटा पोटाला लागत असेल तर किट कामाचं, डिफरन्शिअलला लागत असेल तर पैसे टायरवर घाला.

मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला अपघातानंतर कळण्याऐवजी आधी लेखी विचारा. हेडलाइटही पुन्हा खाली बसवून घ्या, नाही तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सध्या पुढच्या डाव्या सीव्ही बूटवर (सीव्ही जॉइंटवरचं रबरी आवरण) लक्ष आहे. बुटाच्या घडीवर बारीक भेगा दिसतात, पण ग्रीस अजून बाहेर आलेलं नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की त्याच आठवड्यात बूट बदलायचा. फाटल्यावर पाणी आणि चिखल आत गेला तर फक्त बूट पुरत नाही, अख्खा शाफ्ट बदलावा लागतो.