आठ महिने झाले, चिकूला एकदाही न मारता शिकवतोय

डिसेंबरात चिकू नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या घरी आला, तेव्हा तो साधारण सात महिन्यांचा होता. पाथर्डी फाट्याजवळ सापडलेला गावठी कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला. पहिल्याच आठवड्यात आम्ही एका ट्रेनरला बोलावलं. त्याने चिकूच्या गळ्यात साखळीचा फास घातला, दोन झटके दिले आणि म्हणाला, "हा डोक्यावर बसायला बघतोय. आधी मालक कोण ते दाखवा." चिकू जागच्या जागी मुतला. तिसऱ्या दिवशी मी त्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं.

हे 'मालक कोण' प्रकरण आलं कुठून, ते नंतर वाचलं. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं आणि त्यातून मारामारी करून कळपावर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची कल्पना पसरली, ती कुत्र्यांनाही लावली गेली. पुढे ती लोकांपर्यंत नेणाऱ्या लांडगा-अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये स्पष्ट केलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. खुर्चीसाठी मारामारी तिथे रोज चालत नाही. मग माझ्या घरातल्या कुत्र्याचा गळा कशासाठी आवळायचा?

आमची पद्धत सोपी आहे. हवं ते त्याने केलं, की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. क्लिकर, म्हणजे 'शाब्बास'ऐवजी टक् असा आवाज करणारी छोटी डबी, आणलं होतं, पण एका हातात पट्टा आणि दुसऱ्यात खाऊ असताना ते सांभाळणं जमेना. शब्द पुरतो. खरी मेहनत वेळ साधण्यात आहे. सुरुवातीला माझं "शाब्बास" उशिरा यायचं. तो बसायचा, उठायचा, तेव्हा कुठे माझा हात पिशवीत जायचा. परिणामी चिकू बसून लगेच उठायला शिकला! त्याची यात काहीच चूक नव्हती, मी पैसे उठण्याचे देत होते. दोन आठवडे मी फक्त स्वतःचा हात सुधारला.

दुसरी अडचण भाषेची. मी "बस" म्हणायचे आणि सासरे, म्हणजे अण्णा, तो भुंकायला लागला की "बस, बस!" म्हणून ओरडायचे. एकाच शब्दाचे दोन अर्थ, तो बिचारा काय समजणार? मग घरात सगळ्यांनी "बैस" ठरवलं आणि गप्प राहण्यासाठी "शांत". अण्णांना सवय लागायला महिना गेला, पण लागली. घरातल्या एकानेही वेगळं वागलं तर कुत्रा गोंधळतो. अण्णांच्या अंगावर उड्या मारायचा तो, तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि चारही पाय जमिनीवर टेकले की बोलायचं, असा नियम केला. तीन आठवड्यांत उड्या थांबल्या.

स्कूटरचं काम सगळ्यात लांबलं. गल्लीतून दूधवाला गेला की चिकू पट्टा तोडायला बघायचा. आम्ही ओरडलो की तो आणखी चेकाळायचा. मग आम्ही जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला, रस्त्यापासून इतक्या लांब उभं राहायला लागलो, की त्याला स्कूटर दिसेल पण अंगावर आल्यासारखी वाटणार नाही. स्कूटर दिसली की चिकनचा तुकडा. गेली की खाऊ बंद. रोज पाचच मिनिटं. अंतर दर आठवड्याला थोडं कमी. मे महिन्यात एके दिवशी स्कूटर गेली आणि तो भुंकण्याऐवजी मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्यातच त्याच्यापाशी खाली बसले.

चप्पल तोंडात असताना तो गुरगुरतो, यावर घरात वाद झाला. मी गुरगुरण्याला शिक्षा करू दिली नाही. गुरगुरणं म्हणजे त्याची सूचना. ती मारून बंद केली, तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतात. आम्ही अदलाबदल करतो. पनीर समोर धरलं की चप्पल सुटते. आता तो चप्पल स्वतःच आणून देतो.

खाऊबद्दल. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नाही, हरभऱ्याएवढे तुकडे. घरात पोळीचा तुकडा चालतो, रस्त्यावर त्याला कोण विचारतो. दुसऱ्या महिन्यात वजन वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये आणि तेवढं जेवणातून कमी करा.

आणि आपल्या नाशिककरांना कळकळीने सांगते, द्राक्ष आणि मनुके कुत्र्याला अजिबात देऊ नका. मार्चमध्ये पिंपळगावहून नातेवाइकांनी पेटी आणली आणि माझ्या मुलाने "बैस"चं बक्षीस म्हणून चिकूला चार-पाच द्राक्षं दिली. त्याने प्रेमानेच दिली होती. आम्ही त्याच तासात दवाखाना गाठला, तिथे उलटी करवली, नंतर मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. चिकू वाचला. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्यातच निकामी होतात, आधी सांगता येत नाही. हल्ली संशय द्राक्षांतल्या टार्टरिक आम्लावर आहे, ते चिंचेतही असतं, म्हणून आमच्याकडे चिंचही त्याच्यापासून लांब असते. ज्या घरात पेट्या येतात तिथे लहान मुलांना हे आधी सांगून ठेवा.

जे अजून जमलेलं नाही तेही लिहिते. ढोल. गणपती जवळ आले, पथकांचा सराव सुरू झाला. जूनपासून मी मोबाइलवर नाशिक ढोल अगदी बारीक आवाजात लावते आणि चिकन देते. तो खात राहिला तरच आवाज एक घर वाढवते, खाणं थांबवलं की दोन घरं मागे. मोबाइलवर आता निम्म्या आवाजापर्यंत आलोय. पण खरं पथक दोन गल्ल्या पलीकडे वाजलं, की जमीनच हादरते आणि तो पलंगाखाली जातो. आम्ही त्याला ओढून काढत नाही. खिडक्या लावतो, पंखा जोरात करतो आणि मुलगा पलंगाशेजारी फरशीवर पालथा पडून अभ्यास करतो. काल पहिल्यांदा ढोल चालू असताना पलंगाखालून नाक बाहेर आलं आणि मुलाच्या हातातला तुकडा त्याने घेतला.