ब्रिटिश खासदारांची बिलं: ‘इप्सा’चं संकेतस्थळ

नोकरीभर लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासली, म्हणून सांगतो: सार्वजनिक पैशाचा हिशेब इतक्या नीट मांडलेला क्वचितच सापडतो. ‘इप्सा’ ही ब्रिटिश खासदारांचे खर्च तपासून मंजूर करणारी स्वतंत्र संस्था. तिच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव टाकलं की राहणं, प्रवास, कार्यालय, कर्मचारी असा खर्च समोर येतो. पण खरी फाइल उतरवून घ्या. किती मागितले, किती मिळाले आणि नाकारले तर का, असे वेगळे रकाने तिथे आहेत. वरची एकूण बेरीज पाहून मात्र भडकू नका. तिच्यात मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्या पगाराचा असतो.

ही सोय आधी असती तर जॅकी स्मिथ यांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. २००७ मध्ये त्या ब्रिटनच्या पहिल्या महिला गृहमंत्री झाल्या. २००९ मध्ये खासदारांच्या खर्चाचे तपशील फुटले. लोकांच्या लक्षात राहिलं ते बाथटबचं ८८ पेन्सचं बूच आणि पतीने पाहिलेल्या दोन प्रौढ चित्रपटांचं बिल. खरा मुद्दा घराचा होता. लंडनमधलं बहिणीचं घर मुख्य आणि रेडिच या त्यांच्या मतदारसंघातलं, जिथे कुटुंब राहत होतं ते, दुसरं असं दाखवून त्यांनी दुसऱ्या घराचा भत्ता घेतला होता. त्यांच्या जास्त रात्री लंडनमध्येच जात, हे चौकशीत मान्य झालं. तरीही मुख्य घर रेडिचचंच ठरलं. पैसे परत करायला सांगितलं नाही, पण सभागृहात माफी मागावी लागली. गृहमंत्रिपद त्याआधीच सुटलं होतं. २०१० मध्ये रेडिचची जागाही गेली.

त्याच वर्षी ‘इप्सा’ने कारभार हाती घेतला. आता घरकर्जाचं व्याज मिळत नाही. भाडं मिळतं, तेही मर्यादेत. असा नियम संशयापासून प्रामाणिक खासदारालाही वाचवतो.

उणीव मोठी आहे: पावती ओळीला जोडलेली नसते. पावतीची प्रतही मागणाऱ्याला द्यायला हवी, असं अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, पण त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा लागतो. पावतीशिवाय बिल तपासलं, असं मी तरी म्हणणार नाही.

आणखी एक. स्मिथ २०२४ मध्ये उमरावसभेत, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जाऊन पुन्हा मंत्री झाल्या. त्या सभागृहाचे भत्ते ‘इप्सा’कडे नाहीत, ते संसदेच्या संकेतस्थळावर वेगळे पाहावे लागतात.