चिंपांझीच्या आयपीएस पेशींचा शिकागो संच : तीन वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

शिकागो विद्यापीठातील योआव गिलाद यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली चिंपांझीच्या आयपीएस पेशींच्या, म्हणजे प्रौढ पेशींपासून पुन्हा घडवलेल्या मूलपेशींच्या, सात सेल लाइनचा (प्रत्येक लाइन म्हणजे एका प्राण्यापासून निघालेला, प्रयोगशाळेत वाढत राहणारा पेशींचा वंश) संच तयार केला. त्यातील चार लाइन गेली तीन वर्षे माझ्या देखरेखीखाली वाढत आहेत. माणूस आणि चिंपांझी यांच्यातील जनुकीय फरकांवर काम सुरू करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून या संचाविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

या संचाची गरज का भासली, हे आधी सांगितले पाहिजे. चिंपांझीचा जीनोम, म्हणजे डीएनएमधील संपूर्ण अक्षरक्रम, २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या जीनोमशी तुलना करताना सुमारे साडेतीन कोटी ठिकाणी एकेका अक्षराचा फरक आढळला. यांपैकी बहुतेक फरकांचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही. मोजके काय ते महत्त्वाचे, आणि ते नेमके कोणते हे नुसता जीनोम वाचून कळत नाही. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ सालीच असे मांडले होते की दोन्ही जातींची प्रथिने इतकी सारखी आहेत की खरा फरक जनुकांच्या नियमनात, म्हणजे कोणते जनुक कधी, कुठे आणि किती प्रमाणात काम करते यात, असला पाहिजे. नियमन पाहायचे तर जिवंत पेशी हव्यात, आणि त्याही घडणीच्या अवस्थेतल्या हव्यात. चिंपांझी ही संकटग्रस्त जात आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यांच्यावरील शारीरिक प्रयोगांना पाठबळ देणे २०१५ साली थांबवले, आणि ते योग्यच झाले असे माझे ठाम मत आहे. मरण पावलेल्या प्राण्याच्या ऊतींवरून गर्भातील हृदय किंवा मेंदू कसा घडतो हे समजत नाही. त्वचेच्या लहानशा तुकड्यातील फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेण्याचा, यामानाका यांनी २००६ साली उंदरांच्या पेशींवर दाखवलेला मार्ग म्हणूनच येथे इतका मोलाचा ठरतो.

संचाची घडण उत्तम आहे. पेशींना मागे नेणारी जनुके विषाणूंच्या मदतीने जीनोममध्ये खुपसलेली नाहीत, तर पेशी-विभाजनांबरोबर आपोआप नाहीशा होणाऱ्या एपिसोमल प्लास्मिडवरून (जीनोमपासून वेगळ्या राहणाऱ्या डीएनएच्या कड्यांवरून) दिलेली आहेत. दोन जातींच्या जीनोमची तुलना करताना जीनोममध्ये बाहेरचे काही शिल्लक नसणे ही मोठीच सोय आहे. दाते नर आणि मादी अशा दोन्ही लिंगांचे आहेत.

प्रत्यक्ष हाताळणीत या पेशी माणसाच्या आयपीएस पेशींइतक्याच जपाव्या लागतात, त्याहून अधिक नाही. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून काढलेली कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरावी, बर्फाचा शेवटचा कण तांदळाच्या दाण्याएवढा उरला की बाहेर घ्यावी, आणि पहिले २४ तास रॉक इनहिबिटर (सुट्या झालेल्या पेशींना मरण्यापासून वाचवणारे रसायन) द्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सपाट, घट्ट बांधणीच्या, रेखीव कडांच्या कॉलन्या दिसू लागतात. त्या पाहून पेशी कोणत्या जातीच्या आहेत हे मला आजही सांगता येत नाही, म्हणून आम्ही झाकणांवर माणसासाठी निळी आणि चिंपांझीसाठी लाल खूण करतो. माणसाची ४६ गुणसूत्रे आहेत की चिंपांझीची ४८, हे कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजणी आणि मांडणी) केल्यावरच दिसते, आणि ही तपासणी ठरावीक पॅसेजनंतर (पेशी वाटून नव्या भांड्यांत हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) न चुकता करावी.

या संचाचे खरे मोल एकाच पद्धतीने बनवलेल्या अनेक प्राण्यांच्या पेशींमध्ये आहे. एका चिंपांझीची तुलना एका माणसाशी केली तर आढळलेला फरक जातीचा की व्यक्तीचा, हे ठरवता येत नाही. या संचापासून हृदयाच्या स्नायुपेशी बनवून त्यांना प्राणवायू कमी पाडला, तेव्हा दोन्ही जातींचा प्रतिसाद बहुतांशी सारखाच निघाला. साम्याचा असा निष्कर्ष अनेक दात्यांशिवाय विश्वासाने मांडता आला नसता. मूलपेशींच्या तुलनेतून फरकही तितक्याच स्पष्टपणे समोर येतात. क्रिस्पर या जनुक-तंत्राच्या साहाय्याने माणूस आणि चिंपांझी यांच्या मूलपेशींमधील जनुके एकेक करून दाबण्याचा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात ७५ जनुकांचा पेशींच्या वाढीवरील परिणाम दोन जातींत वेगळा आढळला. पेशी-विभाजन पुढे नेणारी सायक्लिन ई आणि सीडीके-२ ही प्रथिने कमी केली तरी माणसाच्या पेशी तग धरतात, चिंपांझीच्या पेशींना मात्र ही घट अधिक जाचते. ओरांगउटानच्या पेशींशी ताडून पाहिल्यावर हा बदल माणसाच्या बाजूला घडल्याचे दिसले.

आता उणिवा. सात ही संख्या सूक्ष्म फरक पकडण्यास अपुरी आहे, आणि सोबतच्या मानवी लाइन त्याच दिवशी, त्याच मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) वाढवल्या नाहीत तर सगळी मेहनत वाया जाते. पहिल्या वर्षी आम्ही मानवी पेशी एका आठवड्यात आणि चिंपांझीच्या पेशी पुढच्या आठवड्यात काढल्या. जातींमधील म्हणून टिपलेले कितीतरी फरक नंतर मीडियमच्या बदललेल्या लॉटचे निघाले, आणि तो प्रयोग पुन्हा करावा लागला. दुसरी अडचण विश्लेषणाची आहे. चिंपांझीचे आरएनए वाचन (पेशीतील आरएनएच्या वाचलेल्या तुकड्यांचा क्रम) माणसाच्या जीनोमवर जुळवले, तर न जुळलेले तुकडे गळतात आणि जनुक कमी व्यक्त झाल्याचा आभास होतो. प्रत्येक जातीचे वाचन तिच्याच जीनोमवर जुळवावे आणि दोन्हींत समान असलेले एक्झॉन (जनुकाचे अंतिम आरएनएत टिकणारे भाग) तेवढेच मोजावेत.

परिस्थितीजन्य फरकांचा हा त्रास टाळण्यासाठी स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०२१ साली मांडलेल्या संकरित पेशी हा चांगला पर्याय आहे. त्यांत माणूस आणि चिंपांझी यांच्या आयपीएस पेशी प्रयोगशाळेत एकमेकींत विलीन केलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही जीनोम एकाच केंद्रकात नांदतात. तरीही फरक दिसला, तर तो त्या जनुकाजवळच्या डीएनएतच आहे असे मानता येते. दूरवरून होणारे नियमन मात्र त्यांत झाकले जाते, म्हणून मी या पेशी संचाच्या जोडीला वापरेन, त्याच्या जागी नाही.

भारतातून मागणी करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. चिंपांझी साइटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या) कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे त्याच्या पेशी देशाबाहेर पाठवायला दोन्ही देशांचे परवाने लागतात. हस्तांतरणाचा करार आणि परवान्यांचे अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच महिन्यात सुरू करावेत, आणि तेवढ्या काळात माणसाच्या पेशींवर हात बसवून घ्यावा.