श्रावणातला ‘ताजा मध’

आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणाच्या धगीला बसून काकवीत भाकरी बुडवून खाल्लेला माणूस मी, आणि मलाच एकानं काकवी मध म्हणून विकली. साडेचारशेला एक, अशा चार बाटल्या. लाजेपोटी वर्षभर कुणाला बोललो नव्हतो. परवा ऑफिसातला एकजण त्याच रस्त्यावरून तसलीच बाटली घेऊन आला, म्हणून आता लिहितोय.

श्रावणातला रविवार होता. बेळगावहून पिरनवाडी, किणये, जांबोटी करत आम्ही कणकुंबीला गेलो. माउलीचं दर्शन, मलप्रभेचा उगम, मग चोर्ल्याच्या धुक्यात गरम भजी, एवढाच बेत. जांबोटीकडचा मध आमच्या भागात नावाजलेला. आईनं निघतानाच सांगितलं होतं, "मिळाला तर मध आणा, खोकल्याला होतो."

परतताना रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली एकजण बसलेला दिसला. पातेल्यात तपकिरी रस, त्यावर पोळ्याचा हातभर तुकडा आणि पोळ्याला चिकटलेल्या चार-दोन मेलेल्या माश्या. खरं सांगू? त्या माश्या बघूनच मी गार झालो. बाजूला दारूच्या रिकाम्या बाटल्या धुऊन ओळीनं मांडलेल्या.

"सकाळीच काढलोय बगा साहेब. जंगलातला हाय. टेस्ट करून दावतो की."

वात बुडवून पेटवली, ती जळली. ग्लासातल्या पाण्यात थेंब सोडला, तो सरळ तळाला जाऊन बसला. वर्तमानपत्रावर थेंब ठेवला, कागद ओला झाला नाही. मी मान डोलावत होतो. या तिन्ही परीक्षांमधून फक्त एवढंच कळतं, की रस दाट आहे आणि त्यात पाणी कमी आहे. नीट आटवलेला साखरेचा पाकसुद्धा यात पास होतो. आणि परीक्षा कुठली घ्यायची ते विकणाराच ठरवत होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मग त्यानं आमच्यासमोर पोळं पिळलं. बाटलीत दोन बोटं मध पडला असेल. वरची सगळी बाटली पाठीमागच्या निळ्या कॅनमधून भरली. हे मी बघितलं, बायकोनंही बघितलं आणि दोघांनाही काही वाटलं नाही! पिळणारा हात डोळ्यांत एवढा भरला होता की कॅन दिसूनही दिसला नाही. रेंज नव्हती, त्यामुळं पैसे रोख. बिल कसलं आणि नाव कसलं.

बाराव्या दिवशी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं तर एका बाटलीचं बूच उडालेलं, खाली फेस सांडलेला आणि आंबूस वास. एक बाटली निपाणीला ताईकडं दिली होती, तिचाही त्याच आठवड्यात फोन आला. आईनं दुसऱ्या बाटलीतलं थोडं बोटावर घेतलं, चाटलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"ही काकवी की रे. काहिलीतून लवकर उतरलेली. तुला वाससुद्धा कळला नाही?"

मग पुढचं बोलली, ते जास्त लागलं. "श्रावणात कुठला आलाय ताजा मध? त्या दिवसांत माश्याच साठवलेलं खाऊन जगतात." खरंच आहे. घाटातल्या पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही. पेट्या ठेवणारेच तेव्हा त्यांना साखरेचा पाक पाजतात. मध निघतो तो उन्हाळ्यात, पावसाच्या आधी. मी वात पेटलेली बघितली, पण महिना कुठला चाललाय ते बघितलं नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. विकणारा कोण, दुकान कुठलं, बिल आहे का? माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. बंद बाटलीवर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर तरी असतो, कुणाला तरी धरता येतं. दारूच्या बाटलीवर काय बघणार?

सुटा मध विकणारे सगळेच लबाड, असं मात्र मी म्हणणार नाही. या मे महिन्यात खानापूर भागातल्या, सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या एका शेतकऱ्याकडं गेलो. पेटी उघडून दाखवली, माझ्या हातात चौकट दिली. जांभळाचा मध, काळपट आणि थोडा कडसर. घरी येऊन गंमत म्हणून त्याचा थेंब पाण्यात सोडला. तळाला पोचायच्या आधीच तो पसरला. आमच्या सातेरीच्या मधात मुळात पाण्याचा अंश जास्त असतो. रस्त्यावरच्या त्या परीक्षेत हा नापासच झाला असता.

आईला चमचाभर दिला. तिनं तोंड वाकडं केलं.

"कडू लागतोय रे. ह्यानं पण फसवलं नाही नव्हं तुला?"