लेनोवो एलओक्यू १५: छायाचित्रे आणि थोडे गेमिंग, दोन्हींसाठी

छायाचित्रांचे संपादन आणि अधूनमधून गेम, या दोन्हींसाठी ६० ते ८० हजार रुपयांत लॅपटॉप घ्यायचा असेल, तर ग्राफिक्स कार्डाचे नाव वाचण्याआधी स्क्रीनची प्रत तपासावी, असे माझे ठाम मत आहे. लेनोवोचा एलओक्यू १५ मी याच कारणासाठी निवडला. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० हे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि एसआरजीबी या प्रमाणित रंगमर्यादेचे १०० टक्के रंग दाखवणारी १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी) फुल एचडी स्क्रीन, असे त्याचे स्वरूप आहे. जवळपास त्याच किमतीत आरटीएक्स ४०५० असलेले लॅपटॉपही मला दाखवण्यात आले. परंतु त्यांच्या स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीच्या होत्या आणि माझ्यापुरता प्रश्न तिथेच संपला.

एनटीएससी हे रंगमर्यादा मोजण्याचे दुसरे, जुने परिमाण; ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साधारण ६० ते ६५ टक्के. मोबाइल, संकेतस्थळे आणि छायाचित्रे छापून देणाऱ्या बहुतेक लॅब ज्या रंगमर्यादेत काम करतात, ती एसआरजीबीची. म्हणजे छायाचित्रातले एकतृतीयांशाहून अधिक रंग अशा स्क्रीनवर जसेच्या तसे उमटतच नाहीत. सर्वाधिक फटका बसतो तो गडद लाल आणि हिरव्या छटांना, आणि गोव्यातल्या छायाचित्रांत नेमक्या याच छटा भरलेल्या असतात. चवथीला गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीत टांगलेली लाल कवंडळे, शिगम्यातला गुलाल, पावसाने भिजलेल्या चिऱ्यांच्या भिंती, खाडीकाठच्या खाजन जमिनीतल्या भाताचा श्रावणातला हिरवा रंग, हे सारे तिथे फिकट दिसते. लाल रंग नारिंगीकडे झुकलेला पाहून आपण तो वाढवत जातो आणि तेच छायाचित्र मोबाइलवर उघडल्यावर भडक होऊन समोर येते. स्क्रीनच चुकीचे दाखवत असेल, तर लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या कौशल्याचा काहीही उपयोग होत नाही.

यातली अडचण अशी, की एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही प्रकारच्या स्क्रीन येतात. आसुसच्या टफ मालिकेतील काही मॉडेलांच्या माहितीपत्रकात एसआरजीबी ६२.५ टक्के असा स्पष्ट उल्लेख असतो, तर काहींमध्ये १०० टक्के. एचपीच्या व्हिक्टसमध्येही दोन्ही पर्याय आढळतात. त्यामुळे केवळ नावावर विसंबून न राहता खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावा. लेनोवोच्या पीएसआरईएफ या पानावर प्रत्येक क्रमांकाची स्वतंत्र माहिती मिळते. पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानात जाताना स्वतः काढलेली, लाल आणि हिरव्या रंगांची दोन-तीन छायाचित्रे पेन ड्राइव्हवर न्यावीत आणि ती आपल्या मोबाइलशेजारी ठेवून पाहावीत. दुकानातल्या लॅपटॉपवर सतत चालणाऱ्या झगमगीत जाहिरातफिती पाहून काहीही ठरवू नये. स्क्रीन पिवळसर करणारा विंडोजचा नाइट लाइट चालू असेल, तर तुलनेआधी तो बंद करण्यास सांगावे.

एलओक्यूच्या स्क्रीनचा प्रकाश ३०० निट आहे. खोलीत तो पुरेसा पडतो; दुपारी बल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) बसून संपादन करण्याइतका तो नाही.

गेमच्या बाबतीत माझ्या अपेक्षा मर्यादित आहेत आणि हे कार्ड त्या पूर्ण करते. व्हॅलोरंटसारखा हलका गेम स्क्रीनच्या १४४ हर्ट्झचा पुरेपूर लाभ घेतो. फुटबॉलचा ईए स्पोर्ट्स एफसी आणि फोर्झा होरायझन ५ फुल एचडीवर मध्यम ते उच्च सेटिंगवर सुरळीत चालतात. याच कार्डाची ४ जीबीची जुनी आवृत्ती अजूनही विकली जाते, ती मात्र टाळावी, कारण नव्या गेमना तेवढी मेमरी अपुरी पडते. कार्डाच्या नावावरून वेग पूर्णपणे कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे: लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० साठी एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅट इतकी रुंद वीजमर्यादा ठेवली आहे, त्यामुळे एकच कार्ड दोन लॅपटॉपमध्ये बरेच वेगळे वागू शकते. छायाचित्रकाराला ग्राफिक्स कार्ड सर्वाधिक उपयोगी पडते ते लाइटरूमच्या एआय डिनॉइजमध्ये, म्हणजे छायाचित्रातले दाणे काढण्याच्या सोयीत. मंदिरातल्या समईच्या उजेडात, चढ्या आयएसओवर काढलेली रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) स्वच्छ करायला साध्या लॅपटॉपवर मिनिटे मोजावी लागतात. येथे ते काम सेकंदांत होते.

रॅमविषयी तडजोड करू नये. फोटोशॉपसाठी अडोबीची किमान अट ८ जीबी असली, तरी शिफारस १६ जीबीची आहे. या लॅपटॉपमध्ये रॅमसाठी दोन जागा असल्यामुळे पुढे ती वाढवता येते, आणि दुसऱ्या एसएसडीचीही सोय आहे. रॉ फाइली साठवणाऱ्याला ५१२ जीबी फार दिवस पुरत नाहीत.

त्याचे वजन जवळपास अडीच किलो असून चार्जरही भारी आहे. एसडी कार्डासाठी खाच नाही, त्यामुळे वेगळा कार्ड रीडर जवळ बाळगावा लागतो. व्हिक्टसमध्ये ती खाच असते, आणि रोज कार्ड उतरवणाऱ्यांनी या मुद्द्याला माझ्यापेक्षा अधिक महत्त्व द्यावे. चार्जर काढल्यावर या वर्गातल्या कोणत्याही लॅपटॉपवर गेमचा वेग उतरतो, म्हणून पावसाळ्यात वीज गेल्यावर बॅटरीवर गेम खेळण्याचा विचार सोडून दिलेला बरा. संपादनाचे हाती घेतलेले काम मात्र बॅटरीवर निवांतपणे पूर्ण करता येते.

आपल्याकडच्या हवेचा विचार तर करायलाच हवा. ज्या दमटपणामुळे लेन्सवर बुरशी चढते, तोच दमटपणा आणि किनाऱ्याजवळची खारी हवा लॅपटॉपच्या जोडण्यांनाही गंज आणते. जून ते सप्टेंबर या काळात लॅपटॉप बॅगेत बंद करून ठेवण्यापेक्षा नियमित वापरणे हिताचे, कारण त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा कमी होतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि चार्जर लावायचा तो अर्थिंग नीट असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच, शक्यतो सर्ज प्रोटेक्टरमधून.

सर्वसाधारण वॉरंटीत पाणी किंवा ओलाव्याने झालेले नुकसान धरले जात नाही, त्यामुळे अपघाती नुकसानीचे वाढीव संरक्षण खरेदीच्या वेळीच घेणे मला योग्य वाटले. तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करणार, की लॅपटॉप शहरातल्या केंद्रात नेऊन द्यावा लागणार, हेही पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्यावे. सत्तरी किंवा काणकोणसारख्या शहरांपासून दूरच्या तालुक्यात राहणाऱ्यांनी तर आवर्जून.