मोरजीचं होमस्टे, वाट बंद होती तरी पाच स्टार

मे महिन्यात आम्ही चौघं गोव्यात मोरजीला दोन रात्री राहिलो. खोल्या स्वच्छ, एसी नाही त्यामुळे दुपारी उकडतं, हुमण (माशाची आमटी) आणि उकड्या तांदळाचा भात एक नंबर. पण पाच स्टार देतेय ते वेगळ्याच कारणासाठी.

मागच्या दाराने समुद्रावर जायची दोन मिनिटांची वाट होमस्टेच्या मालकीण काकींनी काथ्याची दोरी बांधून बंद केलीय, बुकिंग करताना हे सांगितलं नव्हतं (सांगायला हवं होतं), त्यामुळे पोरांची तोंडं उतरली. काकी म्हणाल्या, "बाय, तिथे टिटवीने अंडी घातलीत, जरा फिरून जा." आणि हातात दुर्बीण दिली.

आधी काहीच दिसेना, मर्यादवेल आणि बाजूला नुसते खडे. मग त्या खड्यांतलेच चार अंडी निघाले, मातकट रंगावर काळे डाग, निमुळती टोकं आत. भर उन्हात टिटवी बसली नव्हती, पाय ताठ करून अंड्यांवर सावली धरून उभी होती! थोड्या वेळाने जोडीदार पोटाची पिसं भिजवून आला आणि तिच्या जागी बसला, ओल्या पिसांनी अंडी गार राहतात म्हणे. मुलगी अर्धा तास हलली नाही.

काकींचं म्हणणं साधं आहे, आपण जवळ गेलो की ती ओरडत उडते, आपण फोटो काढत तिथेच उभे राहतो, तेवढ्यात अंडी तापतात आणि कावळे टपलेलेच असतात. असे जवळजवळ 4 आठवडे काढायचे. पिल्लं लगेच पळायला लागतात पण धोका दिसला की जमिनीला चिकटून पडतात, पायाखाली आली तरी कळायचं नाही. कासवाच्या अंड्यांना इथे वनखातं कुंपण घालतं, टिटवीसाठी काकींची दोरीच.

दुसऱ्या संध्याकाळी कुणीतरी जीप थेट वाळूत घातली. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे तरीही! चाकं दोरीपासून हातभर लांब होती, काकींचा मुलगा धावत आडवा गेला म्हणून थांबली. मला अजून राग येतोय. टिटवी मात्र जीपवर झेप घेत होती, टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात ते उगाच नाही.

कुत्रा नेणार असाल तर आधी फोन करा, पट्ट्याशिवाय सोडू देत नाहीत, ड्रोनही नाही. काल काकींचा मेसेज आला, तीन पिल्लं निघालीत, दोरी इतक्यात काढणार नाहीत.