एस्परांतोचा मोबाइल अभ्यासक्रम : नकार आणि प्रश्न
लुडविक झामेनहॉफ यांनी 1887 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एस्परांतो या कृत्रिम भाषेच्या एका मोफत मोबाइल अभ्यासक्रमात नकार आणि प्रश्न यांवरील पाठ मला सर्वांत सरस वाटले. वाक्याच्या आरंभी ‘चु’ ठेवले की बाकीचा शब्दक्रम तसाच राहून होय-नाही स्वरूपाचा प्रश्न तयार होतो, ही सोय वाक्याअखेर ‘का’ लावणाऱ्या मराठी वाचकाला लगेच उमगते. ‘ने’ ज्या शब्दापूर्वी येतो त्याचाच निषेध करतो. त्यामुळे ‘मि ने व्हेनिस’ म्हणजे मी आलो नाही, तर ‘ने मि व्हेनिस’ म्हणजे आलेला तो मी नव्हे, हा भेद जोडीची वाक्ये देऊन उत्तम समजावला आहे. (‘मि’ म्हणजे मीच, हा आपल्यासाठी सुखद योगायोग!)

दुहेरी नकाराची मात्र हेळसांड झाली आहे. वाक्यात ‘नेनिउ’ (म्हणजे कोणीही नाही) यासारखा नकारार्थी शब्द असल्यास ‘ने’ गाळायचा, हा मूळ 16 नियमांपैकी बारावा नियम एका ओळीत उरकला असून त्यावर सराव जवळजवळ नाहीच; ‘कोणीच आले नाही’ असे क्रियापदाशी नकार जोडण्याची सवय असलेला शिकणारा नेमका येथेच अडखळतो. तेवढ्यासाठी व्याकरणाचे पुस्तक सोबत ठेवावे.